तिहेरी सुई

हिल्मी डॉक्टरांनी चौतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला "मला माहीत नाही" असं सांगितलं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना केवढा अभिमान होता म्हणून सांगू! ते काही रोग्यांना तपासणारे डॉक्टर नव्हेत, औषधांचं शास्त्र शिकून दुकान टाकलेला माणूस. पण सुएझ कालव्याकाठच्या आमच्या इस्माइलियात औषधाच्या दुकानात पांढरा कोट घालून जो उभा असतो त्याला सगळे डॉक्टरच म्हणतात, आणि सकाळ-संध्याकाळ कानावर तेच पडत राहिलं की माणसाला ते खरं वाटू लागतं. कुणाचं पोट बिघडलं, कुणाच्या सासूची कंबर धरली, कुणाच्या सुनेला झोप लागेना, की चला हिल्मींकडे. चिठ्ठी वगैरे कोण विचारतो? ते जीभ बघायचे, एक-दोन प्रश्न विचारायचे आणि फळीवरून खोका काढायचे.

त्यातही त्यांची ख्याती होती ती तिहेरी सुईची. थंडीच्या दिवसांत माणूस फणफणून, ठणकत्या अंगानं दुकानात आला की हिल्मी एकाच सिरिंजमध्ये तीन औषधं ओढत: एक जंतू मारणारं, एक दुखणं मारणारं आणि तिसरं सूज उतरवणारं कॉर्टिझोन. अशी सुई देशभर गल्लोगल्ली मिळते, पण हिल्मींचा हात हलका. संध्याकाळी कण्हत आलेला माणूस सकाळी टोपी तिरकी घालून कामावर जायचा. एखाद्याला त्या सुईनं त्रास झालाच तर तो मुकाट्यानं सरकारी दवाखाना गाठे. परत दुकानात येऊन तक्रार कोण करतो? त्यामुळे हिल्मींच्या लेखी तिहेरी सुई कधी चुकलीच नव्हती.

बद्रान कप्तान हे त्यांचे मित्र. कालव्यातला गाळ काढणाऱ्या जहाजावर हयात घालवून निवृत्त झालेले, सत्तरीचे, अंगानं आडवे आणि आवाज असा की पैलतीराला ऐकू जावा. दुकानापासून तिसऱ्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. बायको गेली तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या आठवड्यात होडीच्या धक्क्यावर त्यांना एक पिल्लू सापडलं, पिकल्या खजुराच्या रंगाचं. त्यांनी ते कोटात घालून घरी आणलं आणि नाव ठेवलं तमरा, म्हणजे खजूर. शेजारच्यांनी नाकं मुरडली. घरात कुत्रं म्हणजे नमाजाचं काय? बद्रानांनी नमाजासाठी वेगळा झगा आणि वेगळी खोली ठेवली आणि बोलणाऱ्यांना सांगितलं, "माझं आणि अल्लाचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही तुमच्या चपला सांभाळा." त्याला आता दहा वर्षं झाली होती. रोज दुपारचा नमाज झाला की हिल्मींच्या दुकानासमोर स्टूल, स्टुलावर सोंगट्यांचा पट, दोन्ही बाजूंना दोघं म्हातारे आणि पटाखाली तमरा. फासे पडले की ती एक कान उचलायची.

रबाब ही जनावरांची डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी तिनं रेल्वेच्या रुळांपलीकडे दवाखाना थाटला होता. हिल्मींचं आणि तिचं पहिल्यापासूनच बिनसलं. कारण क्षुल्लक होतं, पण हिल्मींच्या मनातून जाईना. हिल्मींनी कुणाच्या तरी तापलेल्या मांजरीला अर्धी पॅरासिटामॉल दिली होती. मांजर मेली. रबाब तडक दुकानात आली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "डॉक्टर, माणसाची गोळी मांजराला विष असते. पुन्हा असं झालं तर मला तुमच्या औषधवाल्यांच्या संघाला लिहावं लागेल." पोरीचं बोलणं काही उद्धट नव्हतं. आवाजसुद्धा चढला नव्हता. पण चारचौघांत! हिल्मींचे कान लाल झाले. बद्रान तिथंच स्टुलावर बसले होते. ती गेल्यावर ते म्हणाले, "जाऊ दे रे, लेकराएवढी आहे." मात्र ती 'संघाला लिहीन' म्हणाली, हे बद्रानांनी मनात पक्कं धरून ठेवलं.

त्या जानेवारीत तिमसाह तळ्यावरून सारखा दमट वारा येत होता. तमराचे मागचे पाय आखडले. रबाबनं कुत्र्यांची दुखण्याची गोळी दिली, वर एक छापील कागद दिला आणि धीर धरायला सांगितलं. पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात थंडी वाढली आणि तमरा जिना चढेना. बद्रान तिला दोन्ही हातांत उचलून दोन मजले चढू लागले.

एका गुरुवारी पट मांडलेला होता, पण बद्रानांचं लक्ष नव्हतं.

"अरे, फासे हातात धरून काय बसलायस?" हिल्मी म्हणाले. "उबवतोयस का?"

"रात्रभर कण्हत होती."

"कोण, वरच्या मजल्यावरची बाई?"

"तमरा रे, गाढवा."

हिल्मींनी वाकून पटाखाली पाहिलं. तमरानं शेपूट एकदा आपटली, पण मान काही उचलली नाही.

"तुझी ती डॉक्टरीण काय म्हणते?"

"गोळी चालू ठेवा म्हणते. आणि वजन कमी करा."

"कुणाचं, हिचं का तुझं?"

"दोघांचं म्हणाली." बद्रान हसले नाहीत. "हिल्मी, मला तिचं ते कण्हणं ऐकवत नाही बघ. तू काहीतरी कर."

खरं सांगायचं तर हिल्मी या वाक्याची दोन वर्षं वाट पाहत होते. मित्राबद्दलचा कळवळा होताच, तो खोटा नव्हे. पण त्या कळवळ्याच्या पोटात त्या पोरीला दाखवून द्यायची खुमखुमीही होती. ते उठले, आत गेले आणि सिरिंज काढली.

"तिहेरी?" बद्रानांनी विचारलं. "कुत्रीला चालेल?"

"अर्धा डोस देतो. तुला गेल्या थंडीत दिली तेव्हा दुसऱ्या दिवशी बैलासारखा जेवलास की नाही? हिचं वजन तुझ्या एका मांडीएवढं."

"आणि त्या गोळ्या? बंद करू?"

इथे हिल्मी क्षणभर थांबले होते. पुढे कितीतरी दिवस त्यांना तो क्षण आठवत राहिला. गोळी कुठली, हे विचारायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं.

"चालू ठेव," ते म्हणाले. "त्या पोरीच्या गोळीशी माझ्या सुईचं काही भांडण नाही."

शुक्रवारी तमरा जिना आपणहून उतरली. नुसती उतरली नाही, तर धक्क्याजवळच्या बागेत जाऊन बगळ्यांवर भुंकून आली. बद्रानांनी रस्त्यातूनच आरोळी ठोकली, "या डॉक्टर! या जादूगारा! तुझ्या हातांना साखर लावू का मध?" हिल्मींनी दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ती गोष्ट ऐकवली. पाच वर्षं शिकून त्या पोरीला जमलं नाही ते इथं एका सुईत, असंही म्हणाले. आणि शनिवारी, काम पक्कं करायचं म्हणून, कुणी मागितली नसताना दुसरी सुई टोचली.

सोमवारी तमरानं काही खाल्लं नाही. दुपारी ओकली, त्यात कॉफीच्या चोथ्यासारखं काळं काहीतरी होतं. बद्रान तिला टॅक्सीत घालून रबाबकडे घेऊन गेले. मंगळवारी हिल्मी भेटायला गेले तेव्हा तमरा दवाखान्यातून घरी आलेली होती आणि चटईवर कुशीवर पडलेली होती. श्वास जलद चालला होता. पोटाला हात लावला की दात दाखवी. जन्मात तिनं कुणाला दात दाखवले नव्हते.

"उंदीर मारायचं विष असेल म्हणते," बद्रान म्हणाले. "बागेत कुणीतरी टाकलंय म्हणे, आणखी दोन कुत्री तशीच आली तिच्याकडे. रक्त थांबायची सुई दिलीय. उद्या पुन्हा या म्हणाली."

हिल्मींनी विष टाकणाऱ्याला, त्याच्या बापाला आणि आजाला शिव्या दिल्या. खरोखरच्या संतापानं दिल्या. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं का वाटतंय, याचा विचार त्यांनी तेव्हा केला नाही.

बुधवारी दुपारच्या बांगेच्या आत तमरा गेली. बद्रानांच्या पुतण्याची गावाबाहेर आंब्याची बाग आहे, तिथे दोघांनी तिला पुरलं. बद्रान खड्डा खणू देईनात, स्वतःच फावडं चालवत राहिले. परतताना गाडीत एकदाच बोलले. "मी तिला बागेत मोकळी सोडली. बरी झाली म्हणून आनंदात सोडली. पट्टा धरायला हवा होता मी." हिल्मींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

चार दिवसांनी बद्रान एक पिशवी घेऊन दुकानात आले. "तिच्या गोळ्या उरल्यात. कुणाच्या कुत्र्याला लागल्या तर दे. माझ्याच्यानं घरात बघवत नाहीत."

ते गेल्यावर हिल्मींनी पिशवी उघडली. गोळ्यांच्या पाकिटाबरोबर रबाबचा तो छापील कागद होता, चार घड्या घातलेला, कधीच न उघडलेला. बद्रानांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा ते लावत नाहीत. हिल्मींनी उभ्या उभ्याच वाचला. ही गोळी चालू असताना दुसरं कोणतंही दुखण्याचं औषध देऊ नये. कॉर्टिझोन तर अजिबात देऊ नये. कुत्र्याचं जठर नाजूक असतं, माणसाला पचतं ते त्याला पचत नाही. आतून रक्त जाऊन जठराला भोक पडू शकतं. खाणं सुटलं, काळी उलटी किंवा काळी शी झाली तर ताबडतोब कळवावं आणि काय काय दिलं ते सगळं सांगावं.

कागदात नवं असं काही नव्हतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला प्राध्यापकांनी हेच शिकवलं होतं, माणसांबद्दल. हिल्मींनी ते तेव्हा पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, आणि मग चौतीस वर्षांच्या हलक्या हातानं पुसून टाकलं. दुखणं मारणारी गोळी, तिच्यावर दुखणं मारणारी सुई, वर कॉर्टिझोन, आणि तेही दोनदा. एखाद्याला मारायचंच ठरवलं असतं तर याहून वेगळं काय केलं असतं? ते औषधांच्या फळ्यांकडे पाठ करून बसले. पाच नंबरच्या घरातली उम्म सलामा खोकल्याचं औषध मागत उभी होती. तिनं तीनदा हाक मारली तेव्हा ते उठले.

पुढचे दिवस वाईट गेले. पट रोज मांडला जाई आणि हिल्मी रोज हरत. "अरे, मी दुःखात आणि हरतोस तू?" बद्रान म्हणत. सांगावं असं रोज वाटे आणि रोज फासे हातात घेतले की राहून जाई. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी एक काडी हिल्मींनी धरून ठेवली होती. बद्रान पोटात काही ठेवणारे नव्हेत. त्यांनी रबाबला सुयांचं सांगितलंच असणार. तिला सगळं माहीत असूनही ती 'विष' म्हणाली, म्हणजे विषच. मग आपला काय संबंध? ही काडी त्यांना तिच्याच तोंडून पक्की करून घ्यायची होती. तमरा गेल्यापासून सोळाव्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर ओढून ते रुळांपलीकडे गेले.

रबाब हात धूत होती. त्यांना पाहून तिला आश्चर्य वाटलं, पण तिनं खुर्ची पुढे केली. "या डॉक्टर. चहा सांगू?"

"नको. मी सहज... तमराबद्दल. विषच होतं ना?"

"खात्री कशी देऊ? तसं दिसत होतं. त्या आठवड्यात आणखी दोन केसेस होत्या."

"पण सगळं कळल्यावरच ठरवलंस ना तू? म्हणजे त्या सुयांचं."

"कुठल्या सुया?"

हिल्मींच्या चेहऱ्यावरून रबाबला कळलं असावं. तिनं नळ बंद केला आणि समोर येऊन बसली.

"काय दिलं होतं तुम्ही?"

त्यांनी सांगितलं. तीन नावं, किती दिलं, कुठल्या दोन दिवशी. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"बद्रानकाकांना मी तीनदा विचारलं," ती म्हणाली. "घरात कुणाची गोळी पडली होती का, कुणी काही दिलं का, दुकानातून काही आणलं का. नाही म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तमराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी त्यांच्या शपथेवर गेले, डॉक्टर. मग विषाचंच औषध देत बसले."

"आणि सोमवारी तुला कळलं असतं तर?"

"तर गोळी-बिळी सगळं थांबवून, पोट उघडून पाहिलं असतं. भोक असतं तर शिवलं असतं." तिनं टेबलावरचा टॉवेल उगाच सरळ केला. "वाचलीच असती असं नाही म्हणत. म्हातारी होती. अर्धीअर्धी आशा होती म्हणा."

हिल्मींना वाटलं ती आता संघाचं नाव काढेल. काढावं असंही वाटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती खाली बघत म्हणाली, "मी तेव्हा मांजराचं चारचौघांत बोलले. एकटं गाठून बोलायला हवं होतं. बद्रानकाका तुमच्यासाठी घाबरले असणार. चुकलंच माझं."

हिल्मी तसेच उठले आणि रूळ ओलांडून सरळ बद्रानांच्या घरी गेले. आज नाही सांगितलं तर मरेपर्यंत सांगणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बद्रान स्वयंपाकघरात मसुराचं सूप ढवळत होते. "आलास? बस. लिंबू काप."

"बसत नाही. विष नव्हतं, बद्रान."

बद्रानांनी गॅस बंद केला.

हिल्मींनी सगळं सांगितलं, कागदापासून रबाबपर्यंत. आपलं ज्ञान, आपली मिजास, त्या पोरीशी चढाओढ, काही लपवलं नाही. बद्रान ओट्याला टेकून ऐकत राहिले.

"ती पोरगी तुझं नाव लिहून पाठवेल म्हणून मी शपथ घेतली," ते शेवटी म्हणाले. "वाटलं, सुईचं कुठे मध्ये आणायचं, सुईनं तर तिला बरं वाटलं होतं. तुझं दुकान जाईल, म्हातारपणी तुझी शोभा होईल." पुढचा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर येताना हिल्मींनी पाहिला. "हिल्मी, मी खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती?"

आयुष्यभर ज्यानं प्रत्येकाला उत्तर दिलं त्याच्यापुढे हा एक प्रश्न उरला होता. अर्धीअर्धी आशा होती. तेच खरं होतं. पण हा माणूस एकटा राहतो. तमराच्या डोक्यावर शपथेला ठेवलेला हात तो रोज बघत बसेल.

"नाही," हिल्मी म्हणाले. "सोमवारी ती गेल्यातच जमा होती. तू काय सांगतोस, काय नाही, त्यानं काही फरक पडणार नव्हता. तुझा यात काही दोष नाही. सगळं माझं."

"नक्की?"

"मी औषधांचा माणूस आहे. मला कळतं."

बद्रानांनी डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. सोळा दिवस आवळून धरलेले खांदे खाली आले. हिल्मींना वाटलं, जन्मात एक तरी औषध लागू पडलं. मग बद्रानांनी डोळे उघडले.

"माझं त्यात थोडं जरी असतं ना," ते हळू म्हणाले, "तर मी तुला काय बोलणार होतो? दोघं बसलो असतो इथं, रडलो असतो. पण तूच सांगतोस, सगळं तुझं. फुशारकीपायी. माझ्या देखत, दोनदा. आणि मी तुला जादूगार म्हणत रस्त्यात नाचत होतो." त्यांनी हातातली पळी ओट्यावर ठेवली. "जा तू, हिल्मी. उद्या पट मांडू नकोस. मी येणार नाही."

हिल्मी उंबऱ्यापाशी थांबले. 'अर्धीअर्धी' हा एक शब्द तोंडात होता. तो उच्चारला असता तर बद्रानांनी त्यांना हाताला धरून आत बसवलं असतं, सूप वाढलं असतं, आणि दोघं म्हाताऱ्यांनी त्या कुत्रीला मिळून रडून घेतलं असतं. त्यांना ते आत्ता, या घडीला, फार हवं होतं.

त्यांनी चपला घातल्या आणि दार बाहेरून ओढून घेतलं. ते जिन्याच्या वळणावर पोहोचले तेव्हा आतून कडी लागली.